हौदाचं तोंड

हौदवाल्याच्या घरात माणसाचं माप डोक्यापासून पायापर्यंत घ्यायची रीत नव्हती. ते आडवं घ्यायचे. दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर जुन्या पिंपाचं लोखंडी कडं टांगलेलं असायचं. उन्हाळा तापायला लागला, विहिरी तळाला गेल्या आणि लोकांना आपापल्या अंगणाखालचे हौद आठवले, की हौदवाला ते कडं काढायचा, फडक्यानं पुसायचा आणि थोरल्या मुलीला अंगणात उभी करायचा. कडं डोक्यावरून घालायचं, खांद्यांवरून, कमरेवरून खाली सोडायचं. ते पायाशी पडून खणकन वाजलं की त्या वर्षीची काळजी मिटली.

गावातले जुने हौद सगळे एका घडणीचे. जमिनीखाली खोलीएवढी जागा, वर दगडी लाद्या आणि लाद्यांच्या मधोमध त्या कड्याएवढंच एक गोल तोंड. तोंड अरुंद ठेवलं की ऊन आत जात नाही, शेवाळ धरत नाही, शेळी-करडू पडत नाही. बांधणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त हौद कधीतरी साफ करायला माणूस आत जाणार, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ती चूक हौदवाल्याच्या घरानं पिढ्यान् पिढ्या आपल्या अंगावर घेतली होती. आधी त्याची आई उतरायची, मग थोरली बहीण, आता मुलगी. तो स्वतः लहानपणापासून आडव्या अंगाचा, त्यामुळे वर उभं राहून दोर धरायचा आणि आतल्या बाईला कोपरा कसा घासायचा ते सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आणि घरात एक नियम होता. आत उतरणारीनं पोटभर जेवायचं नाही. मुळात तो उन्हाळ्यापुरता होता, पण अंग काही ऋतू बघून वाढत नाही, म्हणून हळूहळू बारा महिन्यांचा झाला. थोरलीला सगळे काडी म्हणायचे. शाळेत घातली तेव्हाचं नाव शाळेतच राहिलं.

यंदा काडीला तेरावं सरून चौदावं लागलं होतं. कडं खांद्यांवरून गेलं, पोटावरून गेलं आणि कमरेच्या हाडांवर अडून बसलं.

"श्वास सोड," हौदवाला म्हणाला.

"सोडला."

"सगळा सोड."

"सगळा सोडला तर मरेन की."

त्यानं कडं तिरकं केलं, एक बाजू आधी खाली घेतली, मग दुसरी. बायकोला तेल आणायला सांगितलं. काडीची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, ती उठली आणि वाटी घेऊन आली. तेल चोळल्यावर कडं हाडांवरून खरडत गेलं आणि खाली पडलं. काडीच्या दोन्ही बाजूंना लाल ओरखडे उठले. बापानं ते पाहिले, पण त्याचं लक्ष कड्याकडे होतं.

"अजून एक उन्हाळा निघेल," तो बायकोला म्हणाला. जुन्या सदऱ्याबद्दल म्हणतात तसं. "फक्त हात आखडता घे. निम्म्यावर आण."

"निम्मंच आहे," काडीची आई म्हणाली.

"मग त्याच्या निम्मं."

त्या दुपारी काडीच्या ताटात भाताची एक मूद पडली, तीही वरून चेपलेली, म्हणजे जास्त दिसू नये. शेजारी धाकटी बसली होती. धाकटी सात वर्षांची, गोल गालांची, अजून कोणत्या कामाची नाही म्हणून हवं तेवढं खाणारी. काडी आपला घास लांबवून लांबवून चावत होती आणि धाकटीच्या ताटाकडे बघत नव्हती. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं कसं टाळतं, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

शाळेत त्याच आठवड्यात नर्सबाई आली. तिनं मुलींना भिंतीला पाठ लावून उभं केलं. काडीच्या वर्गातल्या मुली वर्षभरात सरासर वाढल्या होत्या. बाकावर तिच्या शेजारी बसणारी, जी पूर्वी तिच्या कानाएवढी होती, ती आता खाली वाकून तिच्याशी बोलायची. काडी मात्र गेल्या वर्षी जिथं होती तिथंच. नर्सबाईनं पट्टी दोनदा लावून पाहिली, पट्टीचीच चूक असावी म्हणून.

"काय जेवतेस गं?"

"निम्मं."

"कशाचं निम्मं?"

"सगळ्याचं."

मुली हसल्या. नर्सबाई हसली नाही. तिनं काडीची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, चक्कर येते का, पाळी सुरू झाली का, ते हळू आवाजात विचारलं. काडीनं एकाला हो म्हटलं, एकाला नाही. "हे बघ," नर्सबाई म्हणाली, "हाडं वाढायची ही थोडीच वर्षं असतात. आता खाल्लंस तर लागेल. पुढं कितीही खा, उंची परत मिळत नाही. घरी सांग."

घरी सांगून काय होणार ते काडीला माहीत होतं, पण तिनं सांगितलं. सांगायची हौस होती म्हणून नाही, आत कुठंतरी राग पेटला होता म्हणून. बापानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. नर्सबाईला भेटायला नाही. तो थेट मागच्या बाजूला, स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेला.

दुपारच्या सुट्टीत ताटं घेऊन मुलींची रांग लागली. त्या दिवशी भात, डाळ आणि उकडलेलं अंडं होतं. काडीचा नंबर आला तेव्हा जेवण वाढणाऱ्या मावशीनं अर्धा डाव भात घातला, अंडं घेतलं, सुरीनं मधोमध कापलं आणि अर्धंच तिच्या ताटात ठेवलं. पिवळा बलक भाताकडे तोंड करून बसला.

"मावशी, बाकीचं?"

"तुझ्या वडिलांनी सांगितलंय. मला मध्ये घेऊ नकोस बाई."

मागून कुणीतरी "अर्धं अंडं" म्हणालं आणि ते रांगेत शेवटपर्यंत गेलं. काडीचे कान तापले. ती आजवर असल्या वेळी मान खाली घालून झाडाखाली जाऊन बसायची. आज ती हलली नाही. ताट तिनं तसंच पुढं धरलं.

"जेवणार कोण आहे? ते की मी?"

"पुढं सरक."

"सरकते. अर्धं घाला, सरकते."

"अगं, मागच्या पोरी उपाशी आहेत."

"मी पण."

मागच्या मुली आधी तिच्यावर चिडल्या, मग रांग हलेना तशी मावशीवर चिडल्या. "घाला ना मावशी, काय तुमच्या घरचं आहे का?" असं एक उंच मुलगी म्हणाली. मावशीनं उरलेलं अर्धं अंडं ताटात टाकलं, वर भाताचा एक डाव आपटला. "घे. आणि बापाला तोंड तू दे." काडीनं तिथंच उभ्या उभ्या अंडं तोंडात घातलं, कुणी परत मागू नये म्हणून, आणि मग भात घेऊन गेली. त्या दिवसापासून ती शाळेत पोटभर जेवायला लागली. घरी निम्म्याचं निम्मं चालू होतं, पण शाळा तिच्या हातची होती.

घरी आत्या दोर वळत बसायची. हौदवाल्याची थोरली बहीण, काडीच्या आधी हौदात उतरायची ती. पाठमोरी बघितली तर शाळेतली मुलगी वाटावी आणि समोरून बघितली तर म्हातारी. दात हलायला लागलेले, गुडघे वाजायचे. काडीच्या खांद्याला तिचा खांदा लागायचा. तिला एकदा दिलीही होती, दूरच्या एका घरात, पण तिथून ती परत आली आणि कुणी फारसं विचारलं नाही.

एका सुट्टीच्या दुपारी काडी तिच्या समोर दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून बसली होती. आत्या पीळ देत होती.

"आत्या, तू पण निम्मं जेवायचीस?"

"मी तर शहाणी होते. मी आपणहून पाव करायचे." आत्या हसली. "बाबा माझे म्हणायचे, हिच्यासारखी पोरगी नाही. चढायचं मला त्यानं. कडं वाजलं की शेजारच्या बायका बघायला यायच्या."

"मग?"

"मग काय. लग्न झालं, सासरी पोटभर मिळालं. पोटभर खाऊन अंग सुटतं, हाडं नाही वाढत. तीनदा दिवस गेले. तीनदा अडलं. डॉक्टरीण म्हणाली, हाडंच लहान राहिलीत हिची, मुलाला यायला वाट नाही." तिनं दोराला आणखी एक पीळ दिला. "तिसऱ्या वेळी सासूनं पोचवली इथं. चांगली होती, शिव्या नाही दिल्या."

काडीला आत्याचा राग आला, मग आत्याच्या बाबांचा, ज्यांना तिनं पाहिलंही नव्हतं, मग आपल्या बापाचा. राग कुठं ठेवावा ते समजत नव्हतं.

"बाबांना का नाही सांगितलंस हे?"

"त्याला माहीत आहे. दवाखान्याच्या पायरीवर तोच बसला होता. माहीत असणं वेगळं आणि पोट चालवणं वेगळं, असं म्हणतो तो." आत्यानं पीळ ओढून बघितला. "तू खा. माझ्या वाटचंही खा. मी तुझ्या आईला सांगते, माझं ताट तुझ्याजवळ ठेवायला."

"वन्सं, मला ऐकू येतंय," काडीची आई आतून म्हणाली. पण त्या संध्याकाळी आत्याचं ताट खरंच काडीच्या जवळ आलं, आणि त्यात भात नेहमीपेक्षा जास्त होता. काडीच्या आईनं हौदवाल्याकडे पाठ करून वाढलं.

अन्न पोटात गेलं की ते लपून राहत नाही. आंबे उतरायच्या आधीच काडीचा परकर आखूड झाला, गालांची हाडं आत गेली. हौदवाल्यानं एका सकाळी पुन्हा कडं काढलं. तेल लावलं, तिरकं केलं, दाबलं. कडं कमरेवर बसलं ते बसलंच. त्यानं ते काढलं आणि हातात घेऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मारलं नाही. मारण्यातला माणूस तो नव्हता, आणि खरं सांगायचं तर मारलं असतं तर बरं, असं जे बोलला त्यावरून वाटलं.

"धाकटे, इकडे ये."

धाकटी उड्या मारत आली. कडं तिच्या डोक्यावरून घातलं ते कुठं न लागता खाली पडलं आणि गोल फिरत वाजत राहिलं. धाकटीनं टाळ्या वाजवल्या.

"बाबा, ती सात वर्षांची आहे," काडी म्हणाली.

"तुझी आत्या सहाव्या वर्षी उतरली."

"मग आत्याकडे बघा ना."

हौदवाल्यानं बघितलं नाही. "मी काय हौस म्हणून करतो? यंदाचे सगळे हौद बाकी आहेत. बर्फवाल्याचा सर्वांत मोठा."

"तोंडं मोठी करा. एक लादी काढली की झालं. तुम्ही स्वतः उतराल."

"शहाणी झालीस." तो आता खरोखर चिडला. "तोंड मोठं केलं की मी उतरेन, आणि माझ्या आधी चौकातला कुठलाही हमाल उतरेल. मग आपल्याला कोण विचारतं? तोंड अरुंद आहे म्हणून आपली चूल पेटते, कळलं? माझ्या आजोबांना कळत होतं हे."

काडीला कळलं. चांगलंच कळलं. इतके दिवस तिला वाटत होतं की हौदाच्या तोंडाला काही इलाज नाही म्हणून आपण उपाशी. इलाज होता आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत होता.

त्या दिवशी जेवताना धाकटीनं ताट पुढं ढकललं. अर्धा भात तसाच होता. "मला बास," ती म्हणाली आणि बापाकडे बघून हसली. तिच्या डोळ्यांत भूक स्पष्ट दिसत होती. काडीनं ताट परत तिच्यापुढं सरकवलं.

"खा."

"नको. मी पण काडी होणार."

आपण शाळेत पोटभर खाल्लं, आणि त्याचं बिल धाकटीच्या ताटावर फाटलं. आता पुन्हा उपाशी राहायचं तर आत्या व्हायचं. खायचं तर धाकटीची आत्या होणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती त्या दिवशी रडली नाही, कारण रडून भूक लागते, आणि तिला आता भूक वाया घालवायची नव्हती.

बर्फाचा कारखाना गावाबाहेर होता. उन्हाळ्यात त्याचं राज्य. मोठ्या शेडमध्ये बर्फाच्या लाद्या भुशात झाकून ठेवलेल्या, दारात बर्फ फोडणारा एक दांडगा गडी, घण आणि पहार घेऊन उभा. मागच्या अंगणात हौद. मालकाला पाण्याचा टँकर यायच्या आत हौद साफ हवा होता. हौदवाल्याचं अख्खं घर सकाळी तिथं हजर झालं. दोर, बादल्या, खराटे, कंदील. काडीच्या आईनं डबा घेतला होता, तो तिनं कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत ठेवला. धाकटीला तेल लावून आणलं होतं. ती थंडी वाजल्यासारखी दोन्ही हात छातीशी धरून उभी होती, पण चेहऱ्यावर ऐट होती.

हौदवाल्यानं आधी कंदील पेटवून दोरानं आत सोडला. आतली हवा खराब असेल तर कंदील विझतो. तो जळत राहिला. त्यानं धाकटीच्या कमरेला दोर बांधायला घेतला.

"मी जाते," काडी म्हणाली.

"तू मावणार नाहीस."

"मावते का बघा."

ती तोंडाशी बसली, पाय आत सोडले. दोन्ही हात डोक्यावर सरळ धरले, उरलेला श्वास सोडला आणि अंग खाली ढकललं. कमरेशी अडलं. तिनं डोळे मिटले आणि उजवी बाजू आधी, मग डावी, असं स्वतःला दगडातून ओढलं. कातडं सोललं. ती खाली चिखलात उभी राहिली तेव्हा कमरेवरून काहीतरी गरम ओघळत होतं. वरून बापाचा आवाज आला. "शाब्बास. बघ, जमतंय की." त्याच्या आवाजात सुटका होती. काडीनं वर हात करून खराटा मागितला.

आत गार होतं. गुडघाभर गाळ, त्यात गंजलेला डबा, मेलेला बेडूक, कुणाची तरी चप्पल. काडी कामाला लागली. कामात तिनं कधी चुकारपणा केला नव्हता आणि आजही करायचा नव्हता. गाळ ओढून बादलीत भरायचा, दोराला हिसका द्यायचा, वर बाप ओढणार, आई नेऊन ओतणार. भिंती घासल्या, कोपरे घासले. मोठ्या कोपऱ्यातला थोडा गाळ राहिला तेव्हा ती थांबली. खराटा भिंतीला टेकवला आणि तोंडाखाली, उजेडाच्या गोलात येऊन बसली.

"झालं का?" वरून बापानं विचारलं.

"नाही. पण मी वर येत नाही."

"अडकशील असं वाटतंय का? घाबरू नकोस, गेलं ते येतं."

"अडकणार नाही. येत नाही."

बापाचं डोकं तोंडात दिसलं आणि उजेड निम्मा झाला. "काय म्हणतेस?"

"तोंड फोडा. तोंड फोडलंत तर येईन. आणि धाकटी कधीच उतरणार नाही."

"बाहेर ये, मग बघतो तुला."

"म्हणूनच येत नाही."

कारखान्याचा मालक आला. पांढरे कपडे, हातात छत्री, अंगणातल्या अंगणातसुद्धा उघडलेली. "अरे हौदवाल्या, टँकर निघालाय. काय तमाशा आहे?"

"काही नाही मालक. पोर आहे. येईल."

"ती नाही आली तर दुसरी सोड आत, तिला ओढून काढेल."

धाकटी आत्याच्या मागं जाऊन उभी राहिली. आत्या तोवर दोराची गुंडाळी करत होती. तिनं गुंडाळी खाली ठेवली, सावलीतला डबा आणला, झाकण उघडलं. अर्धा भात, डाळ आणि दोनातलं एक अंडं ताटलीत काढलं, ताटली रिकाम्या बादलीत ठेवली आणि दोर सोडायला लागली.

"ताई, काय करतेस?" हौदवाला ओरडला. "आत असताना जेवली तर बाहेर येईल का ती?"

"नाही आली तर तोंड फोडावं लागेल," आत्या म्हणाली. "तेच मागतेय ना ती? जेव गं पोरी. सावकाश जेव."

हौदात आवाज घुमतो. काडी जेवायला लागली ते वर सगळ्यांना ऐकू आलं. बर्फ फोडणारा हसायला लागला. मालकाला मात्र हसू आलं नाही. त्यानं हौदवाल्याला दोन-चार शब्द ऐकवले, बायका-पोरींना काबूत ठेवता येत नाही तर धंदा कशाला करतोस, असे. हौदवाला खाली बघत उभा होता. घरातल्या बायकांसमोर ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती.

तेवढ्यात काडीच्या आईनं बादली खाली ठेवली. ती बर्फ फोडणाऱ्यापाशी गेली, त्याच्या हातातली पहार घेतली, इतकी सहज की त्यानं ती सोडलीसुद्धा, आणि येऊन लादीच्या कडेवर दाणकन घातली. दगडाचा टवका उडाला. ती इतकी वर्षं लेकीच्या ताटात निम्मं वाढत आली होती, आणि त्या घावात ते सगळं होतं.

"अगं थांब, थांब," हौदवाला धावला. "अशी घालशील तर लादी तिच्या डोक्यात पडेल." त्यानं पहार तिच्या हातातून घेतली. तोंडात वाकला. "काडे, मागच्या कोपऱ्यात जा. भिंतीला चिकटून उभी राहा."

"उजव्या हाताची लादी बघा," खालून आवाज आला. "तिचा सांधा सुटलाय. तिथून उचला."

त्यानं सांधा शोधला आणि पहार त्यात घातली. तेव्हा मालक छत्रीसकट पुढं आला. तो आता ओरडत नव्हता. "फोड," तो म्हणाला. "माझं काय जातं? लादी नवी टाकेन. पण पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाही. माझाच माणूस उतरेल. आणि बाकीचे लोक आंधळे नाहीत, तेही बघतील. मग तू काय करशील?"

हौदवाल्याचे हात थांबले. पहार सांध्यात तशीच उभी. हेच तो आयुष्यभर टाळत आला होता, त्याच्या आजोबांनी टाळलं होतं. तो मालकाकडे बघत राहिला. काडीची आई त्याच्याकडे बघत होती.

धाकटी आत्याच्या मागून पुढं आली आणि तिनं बापाचा सदरा ओढला. "बाबा, मी जाते ना आत," ती म्हणाली. "मी कालपासून काही खाल्लं नाही. आईला विचारा. मी ताट ठेवून दिलं."

तिला वाटलं होतं तो शाब्बास म्हणेल. हौदवाल्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ सुकलेले, गालावर तेल. मग त्यानं आत्याकडे बघितलं, आपल्या थोरल्या बहिणीकडे, जी अजून शाळेतल्या पोरीएवढीच होती. त्यानं पहारेवर सगळं अंग टाकलं. लादी करकरली, उचलली, आणि बर्फ फोडणारा न सांगता पुढं येऊन दुसऱ्या बाजूनं धरायला लागला. दोघांनी मिळून ती बाजूला लोटली. हौदात भसकन ऊन शिरलं.

काडी कोपऱ्यात चिखलानं माखलेली उभी होती, हातात रिकामी ताटली. ती दोर धरून वर आली. सरळ आली, खांदे न आवळता, हात डोक्यावर न घेता. कमरेवरचं रक्त सुकलं होतं. आईनं पदराचं टोक ओलं करून तिथं धरलं, तेव्हा काडी शहारली.

"कोपऱ्यातला गाळ राहिलाय," ती बापाला म्हणाली.

"बघतो."

हौदवाल्यानं सदरा काढला. मग काठावर बसून पाय आत सोडले. आजोबांचा, वडिलांचा, त्याचा स्वतःचा सगळा जन्म या तोंडाच्या वर उभं राहण्यात गेला होता. तो खाली उतरला आणि त्याचे पाय गाळात गेले. वरून त्याचं टक्कल दिसत होतं. त्यानं भिंतीला हात लावला, वर बघितलं, पुन्हा भिंतीला हात लावला.

"तोंड अरुंद असताना कोपऱ्यात दिसतं का गं काही?" त्यानं विचारलं.

"नाही," काडी म्हणाली. "हातानं बघायचं."

तो कोपऱ्याकडे गेला. खराट्याचा आवाज यायला लागला, आधी घाईघाईचा, मग दमल्यासारखा. मालक टँकरला थांबवायला फाटकाकडे गेला होता. काडीच्या आईनं काठालगतच्या सावलीत डबा उघडला, एक ताट भरून धाकटीसमोर ठेवलं. भात, त्यावर डाळ, उरलेलं अंडं अख्खं. धाकटीनं आधी बापाला शोधलं, तो दिसेना, मग काडीकडे बघितलं. काडीनं मान हलवली. धाकटी दोन्ही हातांनी खायला लागली. काडी तिच्या बाजूला, दोर हातात धरून बसली.

दोराला खालून हिसका बसला.

"भरली बादली," हौदवाला म्हणाला. "ओढ गं."

बादली काठोकाठ भरली असणार, वर येताना काळा गाळ चारी बाजूंना उडणार. काडीनं दोर हाताला गुंडाळून धरला, पण ओढला नाही.

"थांबा जरा, बाबा. धाकटी जेवतेय. गाळ उडेल ताटात."

खाली हौदवाला बादली धरून थांबला.